घंटीची दोरी

तीन वाजताचं दूध, तीस मिली.
नळी वर धरली की आपलं आपण उतरतं,
नाकातून, घशामागून, पोटात.
आपण जेवलो हे तिला कळतही नाही.
पायाच्या पट्टीवर लिहिलंय, बेबी ऑफ उज्ज्वला टाकसाळे.
बारसं व्हायचंय.
वजन सोळाशे वीस ग्रॅम. काल सोळाशे तीस होतं.

मी वडाळा डेपोची कंडक्टर.
नऊ वर्षं एकच सांगत आले,
पुढे सरका, आत जागा आहे,
अहो दादा, पाठीवरची बॅग काढा, आत जागा आहे.
नसायची जागा.

पहिल्या दिवशी तिलाही तसंच केलं.
बाटलीचं बूच ओठांत सरकवलं,
पाच मिली तरी, देवा, पाच तरी.
तिनं चोखलं, चोखलं, चोखलं,
श्वास घ्यायचाच राहिला.
ओठांभोवती जांभूळ खाल्ल्यासारखा रंग,
पडद्यावर ब्याण्णव, चौऱ्याऐंशी, एकाहत्तर,
आणि ती किणकिण
जी परळच्या ह्या चौथ्या मजल्यावर
कुणाच्या ना कुणाच्या नावानं रात्रभर वाजते.
सिस्टर ब्रिजितानं तिची पाठ चोळली.
मला कुणी काही बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.

सासूबाईंनी कराडहून चांदीचं बोंडलं पाठवलं,
ह्यांना पाजलेलं, तोटीपाशी चेपलेलं.
बोंडलं ओततं.
रुमालात गुंडाळून डब्यात ठेवून दिलं.

तस्नीम मॅडम सोमवारी, गुरुवारी येतात.
त्यांनी तिला कुशीवर घेतलं
आणि म्हणाल्या, दूध किती गेलं ते बघू नका. हिला बघा.
भुवई आक्रसली? बोटं फाकली?
नको म्हणतेय ती.
इतक्या लवकर बोलायला लागली माझी मुलगी
आणि मी ऐकतच नव्हते.

मग दोन आठवडे नुसता कापसाचा बोळा.
दुधात बुडवायचा, ओठाला टेकवायचा, थांबायचं.
तोंडात आजवर गेलं ते दुखवायलाच गेलं,
श्वासाची नळी, कफ ओढायची नळी,
गालावरून ओरबाडून निघणारी चिकटपट्टी.
तोंडानं काही गोडही येतं
हे तिला पटायचं तेव्हा पटेल.
एकदा जिभेचं टोक बाहेर आलं, बोळ्याला लागलं,
आत गेलं. विचार करत बसली.

परवा बाटली पुन्हा हातात आली.
तीन घोट झाले की कलती करा, मॅडम म्हणाल्या,
दूध मागे सरकू दे, तिला श्वास घेऊ दे, मग पुन्हा.
आणि माझ्या हाताला एकदम ओळख पटली.
हे तर रोजचं.
एक टण, थांब.
टण टण, चल.

चोख, गीळ. चोख, गीळ. चोख, गीळ. टण.
छाती वर येते, खाली जाते. अजून एकदा.
स्टॉपवर म्हातारं माणूस चढत असतं तेव्हा
मागून कितीही हॉर्न वाजोत, डबल द्यायची नाही
त्याचा दुसरा पाय पायरीवर येईस्तोवर.
आला.
टण टण.

आज अकरा मिली.
मग भुवई आक्रसली, बोटं फाकली.
बाटलीत एकोणीस उरलेले
आणि माझ्या ओठांवर आलंच होतं, जागा आहे गं आत.
गिळलं.
उरलेलं नळीनं गेलं.
तक्त्यावर लिहिलं, वेबिल भरावं तसं, बेरीज जुळवून,
तोंडानं अकरा, नळीनं एकोणीस.

नोकरीत नवी होते तेव्हा वाटायचं
दोरी माझ्या हातात, म्हणजे गाडी मीच चालवते.
सुटायचं की नाही ते पुढे बसलेल्याच्या पायात असतं.
आपण मागून एवढंच कळवायचं,
चढलेत सगळे. आता तुझं तू बघ.

झोपलीय.
हनुवटीवरचा थेंब मी पुसलेला नाही.
सहा वाजता पुन्हा, तिला वाटलं तर.